नदीकाठचं कुरण लोकांसाठी खुलं ठेवताना: आधी वाट, मग दार, शेवटी पाटी

"आमच्या नदीकाठच्या गवतात हल्ली फार लोक येतात. कुंपणाला किती खर्च येईल?" पुण्यातल्या नागरिक गटांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. बहुतेकांनी तोवर पाटीही रंगवून घेतलेली असते: 'आत जाण्यास सक्त मनाई'. पुढचं ठरलेलं आहे. महिनाभरात तार कापली जाते, पाटी वाकते, जो तो आपापली वाट पाडतो आणि गट थकून जातो. गवताचं नुकसान मात्र आधीपेक्षा वाढलेलं असतं.

काम बिघडतं ते क्रमामुळे. मुळा, मुठा किंवा रामनदीच्या काठी एक-दोन एकरांपासून दहा एकरांपर्यंतचा गवताळ पट्टा सांभाळणाऱ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे. सुरुवात ऑक्टोबरमध्ये करा. मोजणी दिवाळीच्या आसपास, बैठक डिसेंबरात, वाटा जानेवारी-फेब्रुवारीत, पाट्या मार्च लागायच्या आत आणि पुराची रंगीत तालीम मे महिन्यात. जूनमध्ये सुरू केलंत तर पहिलं वर्ष चिखलात वाया जातं.

## टप्पा १: जमीन कोणाची आणि पूररेषा कुठे

हा टप्पा कागदांचा आहे, म्हणून सगळे तो टाळतात. तरी पहिला तोच. शहराच्या जुन्या हद्दीत नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. समाविष्ट गावांत सातबारा आणि गावनकाशा बघा. सोबत महापालिकेच्या विकास आराखड्यात त्या तुकड्यावर कोणतं आरक्षण आहे तेही पाहा. नदीचं पात्र सरकारी मालकीचं असतं, पण काठाचा पट्टा महापालिकेचा, खासगी शेतकऱ्याचा किंवा संरक्षण खात्याचा असू शकतो. दोन-अडीच एकरांच्या कुरणाला तीन मालक निघालेले मी पाहिले आहेत. लष्करी हद्द लागत असेल तर वाट तिच्यापासून लांबूनच आखा. तिथे 'नंतर बघू' चालत नाही.

मग पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि विकास आराखड्यावर त्या दाखवलेल्या असतात. नकाशावर बघून थांबू नका. जाणकार माणूस बरोबर घेऊन जागेवर जा आणि निळी रेषा जिथून जाते तिथल्या दगडांवर चुन्याची खूण करा. पुण्यातली बहुतेक नदीकाठची कुरणं पूर्णपणे निळ्या रेषेच्या आत आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात येतं आणि पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

कुरण सांभाळायच्या परवानगीचा अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे करा. प्रत उद्यान विभाग आणि जलसंपदा विभागाला द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तोंडी "करा, काही हरकत नाही" हे त्या अधिकाऱ्याची बदली होईपर्यंतच चालतं.

सावधान: निळ्या रेषेच्या आत भराव, पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचे खांब, तारेचं कुंपण यांतलं काहीही नको. नियमांत ते बसत नाहीच, पण कारण नुसतं कागदी नाही. पुरात वाहून येणारी जलपर्णी, प्लास्टिक आणि कापडं तारेत अडकतात, कुंपणाची भिंत होते, पाणी तुंबतं आणि शेवटी खांब मुळासकट उपटून निघताना आजूबाजूची मातीही घेऊन जातो.

## टप्पा २: पंधरा दिवस नुसतं बघा

मोजणीशिवाय केलेली प्रत्येक योजना ही चार जणांच्या आवडीनिवडीची योजना असते. निदान चार दिवस मोजा: कामाचे दोन दिवस, एक रविवार आणि एक सणाचा किंवा अमावास्येचा दिवस. वेळा सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात. एक जण वरच्या रस्त्याशी, एक जण पाण्याजवळ.

वहीत आकड्यांपेक्षा हालचाल लिहा. कोण कुठून उतरलं, कुठे थांबलं, कुठून वर गेलं. फिरायला येणारे, क्रिकेटवाली मुलं, कुत्री फिरवणारे, गवत कापून नेणाऱ्या बाया, म्हशी, गळ टाकून बसलेले, निर्माल्य सोडायला आलेले, लग्नाआधीचे फोटो काढणारे, आडोशाला दारू पिणारे आणि रात्री टेम्पोने राडारोडा टाकून जाणारे. राडारोडावाले सकाळच्या मोजणीत दिसत नाहीत; सकाळी दिसतो तो ताजा ढीग आणि टायरचा माग. माग कोणत्या फटीतून आत येतो ते नकाशावर लावा. पुढे दार कुठे करायचं ते हाच माग सांगेल.

आधीच पडलेल्या सगळ्या पायवाटा कागदावर काढा. गवत झिजून माती उघडी पडलेली जागा वेगळ्या रंगाने दाखवा आणि शेजारी कारण लिहा: डबकं, जवळचा रस्ता, सावली, बसायचा दगड. लोक उगाच वाट बदलत नाहीत. सरळ वाटेत डबकं साचलं की ते बाजूने जातात आणि दोन फुटांची वाट बारा फुटांची होते.

तपासा: तुमच्या यादीत गवत कापणाऱ्या बाया आणि म्हशीवाले नसतील तर मोजणी अपुरी आहे. ते दुपारी येतात, म्हणून एखादी दुपारही मोजा.

## टप्पा ३: बैठक कुरणातच घ्या

सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक घेतली की सोसायटीतलेच लोक येतात. गवळी येत नाही, क्रिकेटची पोरं येत नाहीत, मासे धरणारे तर नाहीतच. संध्याकाळी पाच वाजता कुरणातच सतरंजी टाका. ज्येष्ठ नागरिक संघ, जवळचं गणेश मंडळ, त्या भागाचा सफाई कर्मचारी, गवळी, मुलांचा कप्तान अशा सगळ्यांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटून बोलवा. मोबाईलवरच्या निरोपाने ही माणसं येत नाहीत.

एकच नकाशा जमिनीवर पसरा आणि प्रत्येकाला विचारा: "तुम्हाला कुठे यायचंय, कधी, आणि कशाशिवाय चालणार नाही?" मी बसलो होतो त्या एका बैठकीत मुलांनी स्वतःहून खेळायची जागा वरच्या कडक जमिनीवर हलवायचं मान्य केलं. अट एकच: चेंडू पाण्यात गेला तर काढायला वाट हवी. ती वाट आजही आहे, आणि खालचं गवत दुसऱ्या वर्षी भरून आलं.

म्हशींबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यांना सरसकट हाकलू नका. माफक चराईने गवत दाटतं आणि सुबाभळीची कोवळी रोपं आटोक्यात राहतात. प्रश्न येतो तो भर पावसात, ओल्या मातीत सगळ्या म्हशी एकाच जागी बसल्या की. तेव्हा आठवड्याचे वार आणि पट्टे गवळ्याशी बोलूनच ठरवा.

## टप्पा ४: तीन पट्टे, चार हंगाम

आता कुरणाचे तीन भाग पाडा. रस्त्यालगतचा वरचा भाग रोजच्या वापराचा. मधला भाग हंगामाप्रमाणे खुला किंवा बंद. पाण्यालगतची पट्टी आणि ओढ्याचं तोंड कायम मोकळं. तिथे वाट नाही, बाक नाही, काहीच नाही.

जून ते सप्टेंबर: खालचे दोन्ही भाग बंद. पूर हे एक कारण, दुसरं म्हणजे ओली माती. ओल्या गाळावर सतत पाय पडले की माती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि तिथे पुढच्या वर्षी गवताऐवजी गाजरगवत उगवतं. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. फुलावर आल्यावर उपटलंत तर बी तुम्हीच पसरवाल.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: मारवेल, पवन्यासारखी गवतं बी धरतात. बी झडेपर्यंत कापणी नाही. त्यानंतर एकदम सगळं न कापता तुकड्या-तुकड्याने कापा आणि निदान एक तृतीयांश उभं राहू द्या. मुनिया पक्षी त्याच बियांवर जगतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी: वाळल्या गवताला आग लागायचा काळ. रस्त्याच्या बाजूने गवत कापून, गोळा करून उचलून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, करा. कापलेलं तिथेच टाकलंत तर तेच पेटतं. 'जुनं गवत जाळलं की नवं छान येतं' म्हणणारे भेटतीलच. त्या गवतात किडे, सरडे आणि सापही असतात हे त्यांना जागेवर नेऊन दाखवा.

मार्च ते जून: टिटवीचा काळ. याबद्दल जरा सविस्तर, कारण चुका इथेच सर्वांत जास्त होतात.

टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये उथळ खळगा करून बहुधा चार अंडी घालते. अंडी खड्यांच्याच रंगाची असतात. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. चार आठवड्यांच्या आसपास उबवणी चालते. उन्हं तापली की टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते, ती थंड राहावीत म्हणून. एप्रिलमध्ये दुपारी दुर्बिणीतून हे दिसतं: पिसांवरून थेंब गळत असतात आणि ती पायांवर हलकेच खाली बसते. नदी आणि घरटं यांच्या मधे कौतुकाने फोटो काढत दहा माणसं उभी राहिली, तर तिची ही फेरी चुकते आणि अंडी उन्हात शिजतात.

म्हणून पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागला की थांबा, आलात त्याच पावलांनी मागे फिरा. घरट्याशेजारी काठी किंवा झेंडी लावू नका. कावळे ती खूण लगेच शिकतात. दोरी बांधायचीच तर घरट्यापासून निदान पन्नास फूट लांब, आणि पाण्याची बाजू मोकळी सोडून.

या काळात कुत्री साखळीत हवीत. भटक्या कुत्र्यांना कुरणात खाऊ घालणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा बाहेर, रस्त्यालगत जागा ठरवून घ्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तशी जागा ठरवण्याची तरतूद आहे.

सावधान: पावसाळा आला की 'मोकळ्या जागेवर' झाडं लावायला लोक येतात. कुरण मोकळं नसतं. मुळेच्या काठी आम्ही दोन वर्षं राखलेल्या तुकड्यात एका गटाने एका रविवारी दीड-दोनशे खड्डे खणले. हेतू चांगला होता, आम्हाला कोणी विचारलं मात्र नाही. रोपं पुरात गेली, खड्डे राहिले आणि त्यांत गाजरगवत माजलं. झाडंच हवी असतील तर काठाच्या कडेला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. गवताच्या मधोमध एकही नाही.

## टप्पा ५: वाट आखायची ती विळ्याने

या टप्प्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. लोकांनी वापरलेल्या पायवाटांपैकी सर्वांत सुकी आणि सोयीची एक निवडा आणि तिच्यावरचं गवत पाच फूट रुंद, जमिनीपासून तीन-चार इंच ठेवून कापा. माती खरवडू नका. दोन्ही बाजूंचं गवत उंच राहू द्या. गुडघाभर गवत आणि मधे कापलेली वाट दिसली की माणूस आपोआप वाटेने जातो. साप दिसेल या भीतीने तर नक्कीच. पावसाळ्यात वरच्या भागातली वाट दहा-बारा दिवसांनी पुन्हा कापावी लागते. न कापलेली वाट दोन आठवड्यांत हरवते.

क्रम पाळा:

1. आधी चांगली वाट कापून आठवडाभर वापरात आणा.
2. तिच्यावरची डबकी शोधा. भराव न टाकता वाटच दोन-चार फूट वरच्या बाजूला सरकवा.
3. मगच नको असलेल्या वाटा बंद करा.

बंद करताना वाटेच्या मध्यावर अडथळा टाकला की लोक बाजूने वळसा घेतात आणि एकाच्या दोन वाटा होतात. बंद करायची ती तोंडाशीच. बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्या पहिल्या पंधरा-वीस फुटांत टाका, म्हणजे वाट सुरू होते हेच दिसणार नाही. पावसाळ्याआधी त्या फांद्या उचलायला विसरू नका, नाहीतर पुलाच्या कमानीत जाऊन अडकतील.

तपासा: चपलेची टाच वाटेवर जोरात दाबा. पाणी वर आलं किंवा टाच इंचभर रुतली, तर तो भाग आज बंद.

## टप्पा ६: प्रवेश आणि वाहनं

दोन प्रवेश पुरतात. सहा फटी असतील तर चार बुजवा. राडारोड्याचा टेम्पो येतो ती फट सर्वांत आधी, निळ्या रेषेच्या बाहेर, रस्त्यालगत मोठे दगड मांडून.

माणसांच्या प्रवेशाशी एक खरी अडचण आहे. चाकाच्या खुर्चीला निदान ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. स्कूटरचं हँडल ७० सेंटिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे खुर्ची जाईल तिथून स्कूटर जाणारच. स्कूटर अडवायला फट अरुंद केली की तुम्ही आजोबांना बाहेर ठेवलंत. उपाय दोन: एक, दोन कठडे समोरासमोर न लावता पुढे-मागे लावायचे, मधे दीड मीटर अंतर. खुर्ची तेवढ्यात वळते. स्कूटर लांब असल्याने वळवताना उतरून ढकलावी लागते आणि बहुतेक जण तो त्रास घेत नाहीत. दुसरा, बाहेर दुचाकी लावायला सोयीची जागा. ती नसेल तर पहिला उपाय चालत नाही.

एक मोठं दार हवंच, अग्निशमन दलाची गाडी आणि बचावाची बोट आत जाईल इतकं, साधारण चार मीटर रुंद. एक किल्ली क्षेत्रीय कार्यालयात, एक जवळच्या अग्निशमन केंद्रात, एक जवळच राहणाऱ्या माणसाकडे. कुलूप महिन्यातून एकदा उघडून तेल घाला. गंजलेलं कुलूप आगीच्या दिवशी लक्षात येतं.

दिवे लावू नका. अंधार पडल्यावर बंद, एवढाच नियम पुरतो.

## टप्पा ७: पाट्या

आता पाटी, त्याआधी नाही. पहिल्या हंगामात प्लास्टिकच्या वेष्टनातले कागद लावा. मजकूर तीन वेळा बदलावा लागेल, पत्र्याची पाटी नंतर रंगवा. एका पाटीवर एकच गोष्ट. कारण, कधीपर्यंत आणि त्याऐवजी कुठून, हे तिन्ही असायला हवं:

"जमिनीवर टिटवीची अंडी आहेत. ३० जूनपर्यंत डावीकडच्या वाटेने चला."

दहा फुटांवरून वाचायला अक्षर निदान इंचभर हवं. जवळच्या बांधकामांवरचे मजूरही येत असतील तर हिंदी आणि चित्र दोन्ही घाला. जवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह कुठे आहे ते लिहा. आडोशाचा वापर त्याने खरंच कमी होतो. फोन क्रमांक दोनच पुरतात: आगीसाठी १०१, इतर तातडीसाठी ११२.

## टप्पा ८: धरणातून विसर्ग सुरू झाला की

हा टप्पा चुकला तर जीव जातो. ज्या दिवशी बंद करायचं त्या दिवशी कोणालाही विचारावं लागू नये, म्हणून कुरण बंद करण्याचा अधिकार दोन ठरलेल्या माणसांकडे लेखी असू द्या.

तुमच्या कुरणात कुठलं पाणी येतं ते आधी समजून घ्या. मुठेच्या काठी असाल तर खडकवासल्याचा विसर्ग. दापोडीच्या खाली मुळेच्या काठी असाल तर मुळशीबरोबर पवनेचंही पाणी. मुळा-मुठा संगमाच्या खाली, येरवडा-बंडगार्डनकडे, सगळ्यांचं मिळून. ओढ्याच्या तोंडाशी असाल तर धरणावर भरवसा ठेवून चालणारच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर ढगफुटीसारख्या पावसाचा होता.

'भिडे पुलावर पाणी आलं का?' ही पुणेकरांची जुनी खूण. तुमच्या कुरणाला ती लागू असेलच असं नाही. घाटाच्या पायरीवर किंवा पुलाच्या खांबावर फूटपट्टीसारख्या खुणा करा. विसर्ग किती क्युसेक जाहीर झाला, किती वाजता आणि आपल्या खुणेवर पाणी कधी, कुठवर आलं, हे प्रत्येक वेळी लिहा. दोन पावसाळ्यांत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

बंद करण्याचा क्रम:

1. विसर्ग वाढणार अशी सूचना आली की आधी एक जण सर्वांत खालच्या टोकाला जातो आणि वर येत येत माणसं बाहेर काढतो. गळ टाकून बसलेले, झाडाखाली झोपलेले, कपडे धुणाऱ्या बाया.
2. मग गुरं आणि वाहनं.
3. मग प्रवेश बंद, दोरी आणि लाल कापड.
4. मग बॅटरी घेऊन शेवटची फेरी, जोडीने.

दार आधी लावून मग माणसं शोधू नका. आत अडकलेला माणूस बंद दार पाहून नदीच्या बाजूने वाट शोधतो. रात्रीच्या विसर्गाची शक्यता असेल तर कुरण संध्याकाळीच रिकामं करा. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात घरांत पाणी शिरलं तेव्हा लोक झोपेतून उठत होते.

पाणी ओसरलं की लगेच उघडू नका. काठाची कडा आतून पोखरलेली असते आणि वरून शाबूत दिसते. कडेपासून दहा फूट आत राहूनच बांबूने ठोकून बघा. विजेची तुटलेली तार, काच, गाळात दडलेले खड्डे, साप. टाचेची चाचणी सलग तीन दिवस पार झाली की वरचा भाग उघडा, मधला नंतर.

## टप्पा ९: महिन्याची नोंद

चार जागी दगड रोवा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला एक फोटो काढा. उघडी माती वाढली, नवी वाट फुटली, वाट रुंदावली, तर कारण त्याच आठवड्यात शोधा. बहुधा डबकं असतं. वाढदिवस, योगवर्ग, फोटोवाले यांना वरच्या भागातच परवानगी द्या आणि जनित्र, रंगीत फवारे, फुगे नकोत हे आधी सांगा. गणेशोत्सवात मंडळाची चार मुलं निर्माल्य कलशापाशी उभी राहिली की पाण्यापर्यंत जाणारी गर्दी बरीच आटोपते. त्यांची नावं ऑगस्टमध्येच घ्या.

वही एकाच माणसाच्या घरी ठेवू नका. तो गावाला गेला की विसर्गाचा तक्ताही गावाला जातो. दोन प्रती करा, दुसरी मोठ्या दाराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे.